ग्लासावरचं पोस्टकार्ड नेमकं काय सिद्ध करतं?

पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास घ्या. त्यावर जुनं पोस्टकार्ड ठेवा, तळहाताने दाबून धरा, ग्लास उलटा करा आणि हात अलगद काढून घ्या. कार्ड पडत नाही, पाणी सांडत नाही. हा प्रयोग तुम्ही शाळेत पाहिला असेल, घरी ओट्याशी उभं राहून आईची बोलणी खात केलाही असेल. आणि वहीत ‘अनुमान’ या मथळ्याखाली लिहिलं असेल: यावरून सिद्ध होते की हवेला दाब असतो.

माझा प्रश्न असा, की खरंच सिद्ध होतं का?

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची किंवा नेटची तयारी करत आहात. पहिल्या पेपरात संशोधन अभियोग्यतेचे प्रश्न असतात: गृहीतक म्हणजे काय, चल कोणता, नियंत्रण कशाला म्हणतात. व्याख्या पाठ होतात, पण त्या कशासाठी जन्माला आल्या हे कळत नाही. हवेच्या दाबाची गोष्ट त्यासाठी मला फार उपयोगी वाटते. साधारण १६३० ते १६६२ ही बत्तीस वर्षं. प्रयोगांचं साहित्य म्हणाल तर नळ्या, पाणी, पारा. आणि भांडण एकच: समोर दिसतंय ते कशामुळे होतंय?

आधी पोस्टकार्डाचा हिशेब करून टाकू. ग्लासाच्या तोंडाचा व्यास ७ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस सेंटिमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो वजनाएवढा, म्हणजे कार्डाला खालून ३८ किलोचा रेटा. वर पाणी किती? १० सेंटिमीटर उंचीचं धरलं तर चारशे ग्रॅमच्या आतच. हवा सहज जिंकते. पण आता ग्लास अर्धाच भरा आणि तेच करा. तरीही कार्ड टिकतं! आता वर हवा अडकलेली आहे आणि तिचाही दाब बाहेरच्या हवेएवढाच आहे, मग पाणी कशाच्या जोरावर थांबलं? उत्तर असं, की कार्ड केसभर खाली झुकतं. २०० मिलिलिटरच्या ग्लासात वर १०० मिलिलिटर हवा असेल, तर ती फक्त अर्धा मिलिलिटर फुगली तरी तिचा दाब अर्ध्या टक्क्याने उतरतो आणि तेवढा फरक ५ सेंटिमीटर पाणी पेलायला पुरतो. कडेला पाण्याचा पातळ थर पृष्ठताणामुळे फट बंद ठेवतो. शाळेत हे कुणी सांगत नाही, कारण वहीतल्या अनुमानाला त्याची गरज नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा तुमच्या शेजारी सोळाव्या शतकातला एखादा विद्वान उभा आहे. तो ग्लास बघेल आणि शांतपणे म्हणेल, ‘यात नवीन काय? पाणी खाली आलं असतं तर ग्लासात वर पोकळी झाली असती. निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, म्हणून पाणी खाली येत नाही.’ त्याचं चूक आहे हे या प्रयोगातून दाखवून द्या बरं! तुम्ही स्ट्रॉ घेऊन याल. शीतपेय ओढलं की वर चढतं, हवा ढकलते म्हणून. तो म्हणेल, तोंडाने पोकळी करायला गेलात, ती होऊ नये म्हणून पेय वर आलं. मग तुम्ही हुशारीने बाटलीचं तोंड स्ट्रॉभोवती मेणाने बंद कराल. आता कितीही ओढा, पेय येत नाही. बाहेरची हवा आत जायला वाट नाही ना! तो त्यालाही तयार आहे: पेय वर आलं असतं तर बाटलीत पोकळी झाली असती, निसर्गाला तीही नको.

म्हणजे दोन्ही स्पष्टीकरणं या प्रत्येक प्रयोगाचं सारखंच भाकीत करतात. ज्या प्रयोगाचा निकाल दोन्ही पक्षांना आधीच मान्य आहे, तो प्रयोग त्यांच्यातलं भांडण मिटवू शकत नाही. ते प्रात्यक्षिक झालं. प्रात्यक्षिक वाईट नसतं, वर्गात त्याचा उपयोगच असतो. पण सिनॉप्सिसमध्ये ‘या प्रयोगाने माझं गृहीतक सिद्ध होईल’ असं लिहिताना आपण बहुतेक वेळा ग्लासावरचं पोस्टकार्डच लिहीत असतो.

या तिटकाऱ्याच्या सिद्धांताला पहिला तडा गेला तो पंपांमुळे. विहिरीतून पाणी ओढणारा पंप एका उंचीपर्यंत नीट चालतो आणि त्यापुढे काही केल्या चालत नाही. १६३० मध्ये जिनोआच्या बालियानीने गॅलिलिओला पत्र लिहून विचारलं, की सुमारे २१ मीटर उंचीच्या टेकडीवरून वक्रनलिकेने पाणी पलीकडे न्यायचं आहे, पण ते जातच नाही, असं का? गॅलिलिओचं उत्तर दोराचं होतं. लांब दोर टांगला तर एका लांबीला तो स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसाच पाण्याचा स्तंभ तुटतो. १६३८ च्या ‘दोन नवी विज्ञाने’ या ग्रंथात त्याने ही मर्यादा १८ ब्राचा दिली आहे, म्हणजे आजचे साधारण साडेदहा मीटर.

मला इथे थबकायला होतं ते वेगळ्याच कारणाने. त्याच ग्रंथात गॅलिलिओ हवेचं वजन कसं करायचं हेही सांगतो. बाटलीत हवा कोंबून भरायची, तोलायची, जास्तीची हवा सोडायची, पुन्हा तोलायची. त्याचं उत्तर आलं की पाणी हवेपेक्षा सुमारे चारशे पट जड आहे. (खरा आकडा आठशेच्या आसपास आहे, पण सतराव्या शतकातल्या तराजूसाठी हे काही कमी नाही.) म्हणजे हवेला वजन आहे हे त्याला ठाऊक होतं आणि पंपाची मर्यादाही ठाऊक होती. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात आहेत आणि त्याने त्या जोडल्या नाहीत. उलट बालियानीने १६३० मध्येच उलट टपाली सुचवलं होतं, की हे हवेच्या वजनामुळे तर होत नसेल? नाव झालं नाही बिचाऱ्याचं. कारणही समजण्यासारखं आहे. त्याच्याकडे कल्पना होती, ती पारखून बघायची युक्ती नव्हती.

रोममध्ये गास्पारो बेर्ती नावाच्या गृहस्थाने १६४० ते १६४३ च्या दरम्यान कधीतरी हे उघड्यावर करून पाहिलं. घराच्या भिंतीला लागून शिशाची लांबच लांब नळी उभी केली, वरच्या टोकाला काचेचा फुगा, खालचं टोक पाण्याच्या पिंपात. नळी पाण्याने भरून वरून बंद केली आणि खालचा नळ उघडला. पाणी थोडं खाली आलं आणि १८ ब्राचांच्या आसपास थांबलं. वर जागा रिकामी दिसू लागली.

ती खरंच रिकामी होती का? जमलेल्यांत किर्खर हा जेझुइट विद्वान होता. त्याने सुचवलं की वरच्या फुग्यात घंटा ठेवा आणि बाहेरून लोहचुंबकाने तिचा टोल वाजवा. ऐकू आली नाही तर आत काहीच नाही. कल्पना किती सुरेख आहे बघा! घंटा वाजवली आणि ती ऐकू आली. झालं, पोकळी न मानणाऱ्यांना मोठा पुरावा मिळाला. आज आपण सांगू शकतो की आवाज घंटेच्या आधारातून, काचेतून बाहेर आला असणार, शिवाय पाण्यातून सुटलेली हवाही वर असणारच. प्रयोगाची कल्पना बरोबर, तर्क बरोबर, निरीक्षणही बरोबर. फक्त आवाजाची दुसरी वाट बंद केलेली नव्हती. तुमच्या प्रयोगशाळेतल्या उपकरणाला अशी एखादी दुसरी वाट आहे का, हे शोधण्यात पीएच.डी.ची एकदोन वर्षं सहज जातात, हे आत्ताच सांगून ठेवते.

दहा-अकरा मीटरची नळी हाताळणं कटकटीचं. एव्हांजेलिस्ता तोरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घ्यायचं ठरवलं. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड, त्यामुळे स्तंभही तेवढ्या पटीने बुटका, सुमारे ७६ सेंटिमीटर. हातात मावेल अशी काचेची नळी पुरते. १६४४ मध्ये फ्लॉरेन्सला व्हिव्हियानीने प्रत्यक्ष प्रयोग केला आणि ११ जून १६४४ च्या पत्रात तोरिचेल्लीने तो मिकेलांजेलो रिच्चीला (चित्रकार नव्हे, हा गणिती) कळवला. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो ही प्रसिद्ध कल्पना याच पत्रातली.

पाठ्यपुस्तकं इथे थांबतात. पत्रातली खरी गंमत मात्र पुढे आहे. तोरिचेल्लीने दोन नळ्या वापरल्या. एक साधी, दुसरीच्या वरच्या टोकाला मोठा फुगा. का? विचार करा. पाऱ्याला वरची पोकळी ओढून धरत असेल, तर मोठ्या फुग्यातली मोठी पोकळी जास्त जोराने ओढेल आणि तिथला पारा वेगळ्या उंचीवर राहील. बाहेरची हवा ढकलत असेल, तर वर काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही, दोन्हीकडे पारा सारखाच राहील. पारा सारखाच राहिला. ग्लासावरच्या पोस्टकार्डात जे नव्हतं ते इथे आलं: दोन स्पष्टीकरणं दोन वेगळी भाकितं करतील अशी जागा तोरिचेल्लीने मुद्दाम शोधून काढली.

हीच युक्ती घरी एका बदनाम प्रयोगावर वापरून बघता येईल. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. पुष्कळ ठिकाणी याचं स्पष्टीकरण ‘ज्योतीने ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असं दिलेलं असतं, आणि पाणी साधारण एक पंचमांश चढलं की लोक टाळ्या वाजवतात. ऑक्सिजन हवेत २१ टक्के, जमलंच की! आता तोरिचेल्लीसारखं विचारा: स्पष्टीकरण खरं असेल तर काय बदललं तरी फरक पडू नये? मेणबत्त्यांची संख्या. ग्लासातला ऑक्सिजन ठरलेला आहे, एक मेणबत्ती असो वा तीन. करून बघा. तीन मेणबत्त्या लावल्या की त्याच ग्लासात पाणी बरंच जास्त चढतं. आणखी एक, घड्याळ हातात धरा. ऑक्सिजन जळता जळता संपत जातो, म्हणजे ज्योत तेवत असतानाच पाणी हळूहळू चढायला हवं. दिसतं उलटंच. ज्योत असेपर्यंत फारसं काही होत नाही, ग्लास पटकन ठेवला तर कडेने बुडबुडे बाहेर पडताना दिसतात, आणि पाणी जोरात चढतं ते ज्योत विझल्यानंतर. ज्योतीने हवा तापून पसरली, काही बाहेर गेली, विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसली, वाफेचं पाणी झालं आणि बाहेरच्या दाबाने ताटलीतलं पाणी आत रेटलं. ऑक्सिजन जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो जागा व्यापतोच, हेही पहिल्या स्पष्टीकरणात सोयीस्कर विसरलेलं असतं. आकडा जुळला म्हणजे कारण जुळलं असं नाही.

आता फ्रान्समध्ये जाऊ. पाऱ्याच्या प्रयोगाची बातमी मेर्सेनमार्फत तिथे पोचली आणि १६४६ मध्ये रुआँ शहरात पिएर पेती आणि पास्काल कुटुंबाने तो करून पाहिला. ब्लेझ पास्काल तेव्हा तेवीस वर्षांचा. तुमच्याहून लहानच असेल. काचेच्या कारागिरांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावात त्याने ४६ फूट लांबीच्या काचेच्या नळ्या मिळवल्या, त्या जहाजाच्या डोलकाठीला बांधल्या आणि पाणी व वाइन यांची तुलना केली. पोकळी न मानणारे म्हणत होते, की वरची जागा द्रवातून निघालेल्या वाफांनी भरते. वाइन तर उडून जाणारी. तिची वाफ जास्त, म्हणजे तिचा स्तंभ पाण्यापेक्षा खाली रेटला जायला हवा. पण वाइन पाण्यापेक्षा किंचित हलकी असते, म्हणून हवेच्या वजनाने तोललं जात असेल तर ती किंचित उंच राहायला हवी. वाइन उंच राहिली.

तरीसुद्धा १६४७ च्या पुस्तिकेत पास्काल जपून लिहितो. निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, पण तो मर्यादित आहे, एवढंच. जुन्या मताला टाकून द्यायला आपल्याकडचा पुरावा अजून पुरेसा नाही, असं त्याला वाटत होतं. मला हा संयम आवडतो. आतून पटलेलं असतानाही छापील दावा पुराव्याच्या पुढे न नेणं फार अवघड असतं, विशेषतः पहिला पेपर असेल तर.

त्याला हवा होता असा प्रयोग, ज्यात फक्त हवेचं ओझं बदलेल आणि बाकी सगळं तेच राहील. १५ नोव्हेंबर १६४७ रोजी त्याने आपल्या मेव्हण्याला, बहिणीच्या नवऱ्याला, फ्लोरँ पेरिएला पत्र लिहिलं. पेरिए क्लेर्माँ गावी राहायचा, पास्कालचं जन्मगाव तेच, आणि गावाशेजारी प्वी द डोम नावाचा डोंगर आहे. डोंगरावर चढलं की डोक्यावरची हवा कमी होते. पारा हवेच्या वजनाने तोललेला असेल तर वर तो खाली उतरेल. आणि तिटकारा? निसर्ग पायथ्याशी पोकळीचा जास्त तिटकारा करतो आणि माथ्यावर कमी, असं तर कुणीच म्हणणार नाही.

हा प्रयोग व्हायला दहा महिने लागले. डोंगरावर बर्फ, धुकं, पेरिएची नोकरीतली कामं. शेवटी १९ सप्टेंबर १६४८, शनिवार. पेरिएने जे केलं ते तुम्ही सावकाश वाचा, कारण माझ्या मते या साऱ्या गोष्टीत सगळ्यांत भारी काम या कमी प्रसिद्ध माणसाचं आहे.

सकाळी गावातल्या मिनिम पंथाच्या मठाच्या बागेत माणसं जमली. काही धर्मगुरू, न्यायालयातले सल्लागार, एक डॉक्टर. हे लोक साक्षीदार म्हणून बोलावलेले, म्हणजे नंतर कुणी ‘घरातल्या घरात केलंत’ असं म्हणायला नको. पेरिएने एकसारख्या दोन नळ्या घेतल्या, त्याच पाऱ्याने भरल्या आणि शेजारी शेजारी उभ्या केल्या. दोन्हींत पारा एकाच उंचीवर, आजच्या मापात सुमारे ७१२ मिलिमीटर. त्याने हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग एक नळी तिथेच ठेवली आणि शास्तँ नावाच्या पाद्र्याला विनंती केली, की दिवसभर इथे बसा आणि पारा हलतो का ते बघत राहा.

दुसरी नळी घेऊन मंडळी डोंगर चढली. गावापासून सुमारे हजार मीटर उंच. माथ्यावर पारा सुमारे ६२७ मिलिमीटरवर थांबला. ८५ मिलिमीटर कमी! पेरिए तेवढ्यावर खूश होऊन उतरला नाही. त्याने माथ्यावर पाच वेळा प्रयोग केला: तिथल्या लहान चॅपेलच्या आत, बाहेर उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, धुक्यात. पाचही वेळा आकडा तोच. उतरताना वाटेत मध्येच एका ठिकाणी पुन्हा मोजलं, तिथे पारा मधल्या उंचीवर, सुमारे ६७७ मिलिमीटर. खाली बागेत आल्यावर पुन्हा, सकाळचाच आकडा. आणि शास्तँने सांगितलं, की दिवसभरात हवामान कितीदा बदललं, पण त्याच्या नळीतला पारा जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी पेरिए गावातल्या कॅथीड्रलच्या बुरुजावर चढला. पायथा आणि माथा यांत सुमारे साडेचार मिलिमीटरचा फरक मिळाला. हे कळल्यावर पास्कालने पॅरिसमध्येही बुरुजावर प्रयोग केला आणि १६४८ मध्येच सगळा वृत्तान्त छापला. (श्रेयाचं भांडण झालंच. हा प्रयोग मीच सुचवला होता असं देकार्तने नंतर पत्रात लिहिलं. गंमत म्हणजे देकार्तला हवेचं वजन मान्य होतं, पोकळी मान्य नव्हती. वरच्या जागेत सूक्ष्म द्रव्य भरलेलं आहे असं तो म्हणायचा. आणि प्वी द डोमच्या प्रयोगाने तो खोटा ठरत नाही. पारा कशाने तोलला जातो आणि वर काय आहे, हे दोन वेगळे प्रश्न होते.)

शास्तँच्या नळीकडे जरा परत येऊ. ती कशाला हवी होती? याचं उत्तर तुम्ही स्वतःच्या जिन्यात मिळवू शकता. अनेक मोबाइलमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो. फायफॉक्ससारखं फुकट ॲप टाकलं की हेक्टोपास्कालमध्ये आकडा दिसतो. (एककाला नाव मिळालं पास्कालचं. पेरिएचं नाही.) पुण्यासारख्या ठिकाणी सुमारे ९ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कालने उतरतो, म्हणजे मजल्यामागे साधारण एक तृतीयांश. सेन्सरला हे सहज कळतं. आता समजा तुम्ही सकाळी दहाला तळमजल्यावर मोजलंत, मग जेवलात, झोप काढलीत आणि दुपारी चारला गच्चीवर मोजलंत. आपल्याकडे दाब रोज ठरावीक लयीत वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. हा फरक तीनेक हेक्टोपास्काल असू शकतो, म्हणजे आठ-नऊ मजल्यांएवढा. तुमची चार मजल्यांची इमारत आकड्यांत बारा-तेरा मजल्यांची होऊन बसेल. उपाय एकच: दुसरा मोबाइल तळमजल्यावर भावाच्या हातात द्या आणि दोन्हींचे आकडे त्याच मिनिटाला लिहा. आधी दोन्ही मोबाइल शेजारी ठेवून त्यांच्यातला मूळ फरक नोंदवा, पेरिएने नळ्यांचं केलं तसं. नियंत्रण या शब्दाची व्याख्या त्यानंतर पाठ करावी लागणार नाही.

मोबाइलमध्ये सेन्सर नसेल तर महाबळेश्वरची सहल कामाला येते. वर पाण्याची रिकामी बाटली बूच घट्ट लावून बंद करा आणि पुण्यात आणा. बाटली चेपलेली दिसेल. महाबळेश्वर पुण्यापेक्षा साधारण आठशे मीटर उंच, त्यामुळे लिटरभर हवा खाली आल्यावर सुमारे ९० मिलिलिटरने आकसायला हवी. पण वर थंडी आणि पुण्यात ऊन असेल, समजा वीस अंशांवरून तीस अंश, तर तापमानामुळे तीच हवा ३० मिलिलिटरच्या आसपास फुगेल. म्हणून बाटली उघडण्याआधी दोन्हीकडचं तापमान लिहून ठेवा, नाहीतर आकडा काहीच सांगणार नाही. आणि पाऱ्याचा प्रयोग घरी अजिबात करू नका, त्याची वाफ विषारी असते. नळीच हवी असेल तर गवंडी लेव्हल काढायला वापरतात तशी पारदर्शक पाइप, जाड भिंतीची, दहा-अकरा मीटर. पाण्याने भरायची, वरचं टोक घट्ट बंद करायचं, खालचं बादलीत बुडवून ठेवायचं आणि गच्चीवरून दोराने वर ओढायची. हिशेबाने पुण्यात पाणी सव्वानऊ ते साडेनऊ मीटरच्या आसपास थांबायला हवं. समुद्रसपाटीला मिळाले असते ते दहा मीटर इथे मिळत नाहीत. पातळ पाइप घेतलीत तर ती वरून चपटी होईल. कठड्याशी दोघे जण हवेतच, एकट्याने करायचं काम नाही.

माग्देबुर्गच्या घोड्यांबद्दल थोडंच लिहिते, कारण ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ओटो फॉन गेरिकेने हवापंप बनवला, दोन पोकळ अर्धगोल जोडून आतली हवा काढली, दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, अर्धगोल सहजी सुटेनात. एका बाजूला भिंत असती तरी ताण तेवढाच आला असता, म्हणजे आठ घोडे निव्वळ देखाव्यासाठी. त्याच्या पंपाचं महत्त्व मोठं, घोड्यांचं नाही.

पंपाची बातमी इंग्लंडला पोचली. रॉबर्ट बॉईलने रॉबर्ट हूककडून आणखी चांगला पंप बनवून घेतला आणि १६६० मध्ये प्रयोग छापले. त्यातला सगळ्यांत थेट प्रयोग असा: पाऱ्याची नळी काचेच्या बंद भांड्यात ठेवायची आणि भांड्यातली हवा काढत जायची. पारा उतरत गेला. आता डोंगर चढायचीही गरज नव्हती.

आता तरी भांडण मिटायला हवं होतं. पण फ्रान्सिस लायनस या जेझुइट प्राध्यापकाने १६६१ मध्ये हरकत घेतली. त्याचा पुरावा अगदी घरगुती होता आणि तुम्ही तो आत्ता करू शकता. सुई नसलेली सिरिंज घ्या, तिचं तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या ओढा. बोटाला काय जाणवतं? कुणीतरी आतून ओढतंय असंच ना! त्वचा आत फुगलेलीसुद्धा दिसते. लायनसने पाऱ्याच्या उघड्या नळीवर बोट ठेवून हेच अनुभवलं होतं. तो म्हणाला, वरच्या जागेत अदृश्य धागा असतो, तो पाऱ्याला वर ओढून धरतो आणि बोटाला आत. हवेला थोडा दाब असेल, पण एवढा पारा पेलण्याइतका नाही.

हसू नका. ज्ञानेंद्रियांची साक्ष लायनसच्या बाजूने होती. बॉईल हसला नाही. लायनसचा दावा मोजता येईल अशा प्रश्नात बदलता येतो हे त्याने ओळखलं: दाबलेली हवा किती वजन पेलू शकते? त्याने इंग्रजी जे अक्षरासारखी वाकलेली नळी घेतली. आखूड बाजू बंद, लांब बाजू उघडी. लांब बाजूने पारा ओतत जायचा आणि आखूड बाजूत कोंडलेली हवा किती आकसते ते मोजायचं. पहिली लांब नळी फुटली. दुसरी एवढी उंच होती की खोलीत मावेना, म्हणून ती जिन्यात उभी केली, दोऱ्यांनी टांगून. जिन्यात उजेड चांगला होता अशी नोंदसुद्धा आहे. खाली लाकडी पेटी ठेवली, नळी फुटलीच तर पारा वाया जायला नको.

हवा निम्मी झाली तेव्हा पाऱ्याचा जादा स्तंभ सुमारे २९ इंचांचा होता, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच. पाव झाली तेव्हा त्याच्या तिप्पट. ढकलणारी हवा पाऱ्याचा केवढाही स्तंभ पेलते, धाग्याची गरजच उरत नाही. दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात असावेत हे गृहीतक रिचर्ड टाउनली या दुसऱ्या माणसाचं होतं, आणि बॉईलने तसं लिहिलंही आहे. आज त्याला आपण बॉईलचा नियम म्हणतो. तो जन्माला आला एका हरकतीला उत्तर देताना.

घरी करायचं तर २० मिलिलिटरची सिरिंज, तोंडाला बूच, दट्ट्यावर पुस्तकं रचायची. नळीचा आतला व्यास २ सेंटिमीटर असेल तर हवा निम्मी करायला साधारण तीन किलो पुस्तकं लागतील. दट्ट्याचं घर्षण फार त्रास देतं, म्हणून पुस्तकं चढवताना आणि उतरवताना, दोन्ही वेळा आकडे घ्या आणि सरासरी काढा. तक्ता करताना एक रकाना प्रत्यक्ष मोजलेल्याचा ठेवा आणि शेजारी दुसरा, गृहीतकानुसार यायला हव्या होत्या त्या आकड्यांचा.

बॉईलच्या १६६२ च्या तक्त्यात हे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत. सगळ्यांत जास्त दाबाच्या, शेवटच्या ओळीत मोजलेला आकडा आहे ११७ ९/१६ इंच आणि गृहीतकानुसार यायला हवा होता तो ११६ १/२ इंच. इंचाहून जास्त फरक आहे. त्याने तो तसाच छापला.